शत्रूचे नाव : हेरपट, रूपांतर आणि इतिहासाचे वाचन

१

हेरपट हा आपल्या काळाच्या भीतीचा आरसा असतो, हे विधान चित्रपटविषयक लेखनात इतक्या वेळा केले गेले आहे की ते सिद्ध करण्याची गरज आता कुणालाच वाटत नाही. १९३० नंतरच्या दशकातील हेरपटांत येऊ घातलेल्या महायुद्धाची चाहूल, १९५० नंतर कम्युनिझमची धास्ती, १९६० नंतर अणुयुद्धाचे सावट आणि १९७० नंतर स्वतःच्याच शासनयंत्रणेविषयीचा संशय, अशी एक सरळ यादी देता येते. ही यादी चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे आपल्या समजुतीत फारशी भर पडत नाही, असे मात्र म्हणावे लागते. एखाद्या काळाला कशाची भीती वाटत होती हे आपण आधी इतिहासाच्या ग्रंथांतून जाणून घेतो, मग चित्रपटात तेच शोधतो, आणि ते सापडले की चित्रपट काळाचे प्रतिबिंब असल्याचा निर्वाळा देतो. या वर्तुळात चित्रपटाने इतिहासाविषयी सांगितलेले असे काहीच उरत नाही.

झिगफ्रीड क्राकाउअर याने १९४७ साली 'फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर' हा ग्रंथ लिहून जर्मन चित्रपटांतून एका समाजाच्या मनोव्यापाराचा इतिहास उभा केला. त्या ग्रंथाचे मोल वादातीत आहे. तथापि त्यावरील मुख्य आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हिटलर सत्तेवर आला हे ठाऊक असलेला वाचक आधीच्या प्रत्येक चित्रात हिटलरची सावली पाहू शकतो. भीती चित्रपटाची कोणती आणि समीक्षकाची कोणती, याचा निवाडा करण्याचे साधन प्रतिबिंबाच्या रूपकात नाही. आरसा जे समोर आहे तेच दाखवतो. काय झाकले गेले हे सांगणे त्याला शक्य नसते.

प्रस्तुत निबंधात एक मर्यादित मार्ग सुचवावयाचा आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन हेरपटांपैकी पुष्कळसे कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. काही चित्रपट दुसऱ्या भाषेत डब होताना बदलले, काहींची पुढे नव्याने निर्मिती झाली. एका संहितेतून दुसऱ्या संहितेत जाताना हेरकथेतील सर्वांत अस्थिर घटक कोणता, असे विचारले तर उत्तर मिळते : शत्रूचे नाव. नायक तोच राहतो, पाठलाग तोच राहतो, गुप्त कागद किंवा फीत तीच राहते. शत्रू मात्र बदलतो, निनावी होतो, कधी दुसऱ्याचे नाव धारण करतो. हा बदल दोन संहिता शेजारी ठेवून कुणालाही तपासता येतो. तो समीक्षकाच्या कल्पनेवर अवलंबून नाही. म्हणून काळाची चिंता शत्रूच्या चित्रणात शोधण्याऐवजी ती या नामांतरात शोधावी, असे येथे प्रतिपादन आहे. पिएर माशरे याने १९६६ साली संहितेच्या मौनाविषयी जो सिद्धांत मांडला, त्याचा हा एक अतिशय साधा, जवळजवळ हिशेबी स्वरूपाचा विनियोग समजावा.

२

हेर आणि कथा यांचे नाते आपल्या परंपरेला नवे नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त गूढपुरुषांची एका ठिकाणी राहणारे 'संस्था' आणि फिरते राहणारे 'संचार' अशी विभागणी आहे, आणि विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे तर सर्वस्वी हेरांच्या हालचालींवर उभे असलेले नाटक आहे. यमपट दाखवीत हिंडणारा निपुणक राक्षसाची मुद्रा मिळवून आणतो, तिच्या आधारे बनावट लेख तयार होतो आणि मलयकेतूचे मन राक्षसाविषयी कलुषित केले जाते. परंतु या नाटकात शत्रू कोण हा प्रश्नच नाही. प्रेक्षकाला सर्व डाव पहिल्या अंकापासून ठाऊक आहे. राक्षसाचे नाव, कुळ, निष्ठा, गुण सारे जाहीर आहे, आणि चाणक्याचे उद्दिष्ट त्याला नष्ट करण्याचे नसून चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून त्याला जिंकून घेण्याचे आहे. येथे हेर हे राज्याच्या आत्मविश्वासाचे साधन आहे.

विसाव्या शतकातील हेरपट नेमका याच्या उलट टोकाला उभा आहे. त्यात प्रेक्षकाला अर्धेच ठाऊक असते, शत्रूचा चेहरा शेजाऱ्यासारखा असतो, आणि राज्याला स्वतःच्या सीमांविषयी खात्री नसते. या प्रकाराचा जन्मच साम्राज्याच्या अस्वस्थतेत झाला. जॉन बकन याची 'द थर्टीनाइन स्टेप्स' ही कादंबरी १९१५ साली, महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध झाली. तिचे कथानक मात्र १९१४ च्या युद्धपूर्व उन्हाळ्यात घडते. तिच्यातील शत्रू जर्मन आहेत आणि तसे स्पष्ट सांगितलेले आहे. कादंबरीतील सर्वांत भयप्रद प्रसंग मात्र समुद्रकाठच्या एका सुस्थित इंग्रज घरात घडतो : पत्ते खेळणारे, टेनिसविषयी बोलणारे सद्गृहस्थ हेच हेर आहेत, ही शक्यता नायकाच्या बुद्धीला पेलत नाही. भीती जर्मनीची आहे. पण ती जाणवते ती इंग्रज सभ्यपणाकडे पाहताना.

आल्फ्रेड हिचकॉकने १९३५ साली या कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा जर्मनी हे नाव गळाले. विमानाच्या आवाजरहित इंजिनाचे रहस्य कोणत्या देशाला हवे आहे, हे चित्रपटात कुठेही सांगितलेले नाही. ब्रिटिश सेन्सॉर मंडळ त्या काळात परकीय राष्ट्रांची नाराजी ओढवेल असे चित्रण टाळण्याचा आग्रह धरीत असे, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण. परंतु नाव गळाल्याचा परिणाम केवळ सेन्सॉरपुरता राहिला नाही. शत्रूचा देश पुसला गेल्यामुळे शत्रूत्वाचे सारे ओझे प्राध्यापक जॉर्डन या स्कॉटिश प्रतिष्ठिताच्या अंगावर आले. त्याच्या घरी मेजवान्या झडतात, तेथील शेरीफ त्याचा स्नेही आहे, आणि नायकाने कळकळीने सांगितलेले सत्य ऐकून घेणारा तो शेरीफ आतून त्याच सद्गृहस्थाच्या शब्दावर विसंबणारा निघतो. बाहेरचा शत्रू निनावी झाला की आतल्या समाजरचनेविषयीचा संशय उघडा पडतो. सेन्सॉरने एक गोष्ट लपवावयास सांगितली आणि त्यायोगे दुसरी, कदाचित अधिक अडचणीची, गोष्ट दृश्य झाली.

'द लेडी व्हॅनिशेस' (१९३८) या चित्रपटातही हेच तत्त्व आहे. एथेल लीना व्हाइट हिच्या १९३६ च्या कादंबरीतील नाहीशी होणारी वृद्धा ही एक निरुपद्रवी शिक्षिका आहे; चित्रपटाने तिला हेर केले, आणि आगगाडी 'बांड्रिका' नावाच्या काल्पनिक देशातून नेली. म्युनिक कराराच्या वर्षी लोकांसमोर आलेल्या या चित्रपटात गाडीवर गोळीबार होत असताना पांढरा रुमाल हलवीत उतरणारा प्रवासी मारला जातो. देशाचे नाव खोटे आहे. रुमाल खोटा नाही. एका वर्षाने, १९३९ साली, हॉलिवूडमधील वॉर्नर बंधूंच्या 'कन्फेशन्स ऑफ अ नाझी स्पाय' या चित्रपटाने आदल्या वर्षीच्या एका प्रत्यक्ष हेरखटल्याचा आधार घेऊन शत्रूचे नाव शीर्षकातच घातले. नाव उच्चारण्याचा हा क्षण धैर्याचा होता, यात शंका नाही. मात्र त्या चित्रपटात शेजाऱ्याविषयीचा तो जुना, न सुटणारा संशय उरलेला नाही. कोण आपला आणि कोण परका हे प्रेक्षकाला आता ठाऊक आहे. नाव मिळाले की चिंता संपते आणि तिची जागा द्वेष घेतो. चिंता आणि द्वेष यांतील हा भेद पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा लागेल.

३

नाव हे इतके सहज काढता-घालता येत असेल तर त्याला मुळात काही अर्थ आहे काय? हा प्रश्न सॅम्युएल फुलर याच्या 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३) या चित्रपटाच्या संदर्भात टोकाला जातो. न्यूयॉर्कमधील एक खिसेकापू एका स्त्रीच्या पिशवीतून पैशाचे पाकीट उडवतो. त्यात कम्युनिस्ट हेरांची मायक्रोफिल्म निघते. अमेरिकेत मॅकार्थीचा प्रभाव ऐन भरात होता. हाच चित्रपट फ्रान्समध्ये गेला तेव्हा, जेथे कम्युनिस्ट पक्ष बलाढ्य होता, डब करताना संवाद बदलून हेरांचे रूपांतर अंमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्या टोळीत करण्यात आले. चित्रपटाचे नावही 'अंमली पदार्थांचे बंदर' अशा अर्थाचे ठेवले गेले. दृश्ये तीच, चेहरे तेच, ओठांच्या हालचालीही त्याच. फक्त शत्रू निराळा. आणि कथा कोसळली नाही.

संरचनावादी समीक्षकाला यातून एक समाधानकारक निष्कर्ष काढता येईल. उंबेर्तो एको याने १९६५ साली इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांची कथनरचना उलगडताना दाखविले की त्यांतील खलनायक हा परीकथेतील राक्षसाच्या जागी आहे. त्या जागेवर रशियन बसवणे हा लोकप्रिय गृहीतांचा व्यावहारिक वापर आहे; त्यामागे राजकीय विचार असेलच असे नाही. मग कम्युनिस्टाच्या जागी गुंड आला म्हणून काय बिघडले? फुलरच्या चित्रपटात याला एक आतला पुरावाही आहे. मो नावाची, पोलिसांना खबरा विकणारी वृद्ध स्त्री कम्युनिस्टांना माहिती विकण्यास नकार देते आणि मारली जाते. परंतु कम्युनिस्ट म्हणजे नेमके काय हे तिला ठाऊक नाही आणि ती ते लपवीतही नाही. चित्रपटातील सर्वांत करुण मृत्यू ज्या द्वेषापोटी ओढवतो, तो द्वेष आशयशून्य आहे. अमेरिकन चित्रपटातच शत्रूचे नाव पोकळ होते. फ्रेंच आवृत्तीने ती पोकळी दुसऱ्या शब्दाने भरली एवढेच.

तरीही हे समाधान अपुरे आहे. जागा तीच असली तरी ती कोण भरतो, कोणाच्या सांगण्यावरून भरतो, आणि भरताना कोणती वस्तुस्थिती बाजूला सारली जाते, हे प्रश्न संरचनेच्या बाहेरचे आहेत. आणि इतिहास तेथेच आहे. ते स्पष्ट होण्यासाठी ग्रॅहॅम ग्रीनच्या 'द क्वाएट अमेरिकन' या कादंबरीची कथा पाहावयास हवी. ही कादंबरीच्या आतली कथा नव्हे, त्या कादंबरीवर जे गुदरले त्याची कथा आहे.

४

ग्रीनची कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. फ्रेंच सत्तेच्या अखेरच्या वर्षांतील सायगाव हे तिचे स्थळ. पाइल हा सद्भावनेने भारलेला अमेरिकन तरुण वसाहतवाद आणि कम्युनिझम या दोहोंना पर्याय ठरेल अशी 'तिसरी शक्ती' शोधत असतो, आणि तिच्यासाठी जनरल थे या बंडखोर सेनानीला स्फोटके पुरवतो. चौकात स्फोट होतो, सामान्य माणसे मरतात. फाउलर हा अलिप्ततेचा दावा करणारा इंग्रज वार्ताहर अखेर पाइलच्या हत्येत सहभागी होतो. त्या सहभागात राजकीय किळस किती आणि एका व्हिएतनामी स्त्रीविषयीचा मत्सर किती, हे कादंबरी मुद्दाम अनिर्णित ठेवते. या स्फोटाला प्रत्यक्षाचा आधार होता. ९ जानेवारी १९५२ रोजी सायगावात बॉम्बस्फोट झाले आणि त्यांची जबाबदारी त्रिन्ह मिन्ह थे याने स्वतःकडे घेतली होती. त्यामागे अमेरिकनांचा हात होता काय, हा वादाचा विषय आहे, आणि कादंबरी हा त्या बाबतीतला पुरावा नव्हे.

जोसेफ मँकिविट्झ याने १९५८ साली या कादंबरीवर चित्रपट केला. त्यात स्फोट कम्युनिस्टांनी घडवून आणलेला आहे. अमेरिकन तरुणाने आणलेले प्लास्टिक खेळण्यांसाठी होते, आणि मत्सराने आंधळा झालेला फाउलर कम्युनिस्टांच्या डावाला बळी पडला, असे फ्रेंच पोलीस अधिकारी अखेरीस त्याला ऐकवतो. कादंबरीत फुओंग फाउलरकडे परत येते. चित्रपटात ती त्याला नाकारते. दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक पदके मिळविलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी एक असलेल्या ऑडी मर्फी याला नायकाची भूमिका देण्यात आली. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की या पात्राचे 'पाइल' हे नावही काढून घेण्यात आले. चित्रपटात तो केवळ 'अमेरिकन' आहे. शेवटी चित्रपट व्हिएतनाम प्रजासत्ताकाला आणि त्याचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांना अर्पण केलेला आहे.

या बदलामागचा हात निनावी नाही. अमेरिकन गुप्तवार्ता यंत्रणेसाठी सायगावात काम करणाऱ्या एडवर्ड लान्सडेल याने १९५६ साली मँकिविट्झला एक पत्र लिहिले होते. १९५२ च्या स्फोटांची जबाबदारी थे याने घेतली होती हे त्यात नमूद आहे. आणि तरीही, खरा प्रकार जाणणारे फारसे कोणी उरलेले नसल्याने, हे कृत्य कम्युनिस्टांचे असल्याचे दाखवण्यास हरकत नाही, असा सल्लाही आहे. थे स्वतः १९५५ साली मारला गेला होता. ग्रीनने चित्रपटाचा जाहीर निषेध केला. उलट ज्याँ-लुक गोदार याने त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या आपल्या यादीत त्याला पहिले स्थान दिले. रूपाच्या अंगाने पाहणाऱ्याला तो श्रेष्ठ वाटू शकतो, ही गोष्ट आपण सहजपणे उडवून लावू नये. उलट तीच येथील खरी अडचण आहे : नामांतर हे चित्रपटाच्या घडणीला बाध आणत नाही, आणि म्हणून केवळ घडणीचे वाचन करणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

या चित्रपटाला 'शीतयुद्धकालीन चिंतेचे प्रतिबिंब' म्हणणे म्हणजे काय, याचा आता विचार करावा. कम्युनिस्टांची भीती त्यात दिसते हे खरेच. परंतु कादंबरी शेजारी ठेवली की ध्यानात येते, लपवलेली भीती निराळी आहे : आपण ज्यांना वाचवावयास निघालो त्यांना आपणच मारीत असू, ही ती भीती. ती व्यक्त होऊ नये म्हणून शत्रूचे नाव बदलावे लागले. चित्रपटात जी भीती मोठ्याने बोलली जाते ती या दुसऱ्या भीतीवरचे पांघरूण आहे. फ्रॉइडने स्वप्नांच्या संदर्भात सांगितलेले विस्थापन येथे नेणिवेत घडलेले नाही. ते पत्रव्यवहाराने घडवून आणलेले आहे.

आणखी एक उत्तरार्ध आहे. फिलिप नॉइस याने याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट केला आणि त्यात स्फोटाची जबाबदारी मूळच्या जागी परत नेली. तो पूर्ण होत असतानाच ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले. अमेरिकेच्या हेतूंवर संशय घेणारा चित्रपट अशा वेळी दाखवणे निर्मात्यांना योग्य वाटले नाही आणि त्याचे प्रदर्शन २००२ च्या अखेरीपर्यंत लांबले. व्हिएतनामचे युद्ध संपून पाव शतक उलटले होते. तरीही एका जुन्या स्फोटाला त्याचे नाव परत देणे अवघड होते.

५

अमेरिकेची चिंता सामर्थ्याच्या परिणामांची होती, तर ब्रिटनची सामर्थ्य ओसरल्याची. फ्लेमिंगची 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह' ही कादंबरी सुएझच्या नामुष्कीनंतर, १९५७ साली आली. तिच्यातील शत्रू 'स्मर्श' ही सोव्हिएत संघटना आहे. १९६३ च्या चित्रपटात ती जागा 'स्पेक्टर' या राष्ट्रविहीन, नफ्यासाठी काम करणाऱ्या संघटनेने घेतली. हे नाव चित्रपटाच्या एका जुन्या, अपुऱ्या राहिलेल्या योजनेतून 'थंडरबॉल' (१९६१) या कादंबरीत आलेले होते. टोनी बेनेट आणि जॅनेट वुलाकॉट यांनी १९८७ सालच्या आपल्या अभ्यासात हा बदल शीतयुद्धाच्या सैलावलेल्या वातावरणाशी जोडला आहे. जागतिक बाजारपेठेचा विचारही त्यामागे असणारच. परंतु नामांतराने कथेत काय घडवले, हे पाहिल्यास आणखी एक गोष्ट हाती लागते.

चित्रपटात स्पेक्टरचा प्रमुख एका काचपेटीतील झुंजणारे मासे दाखवतो. दोन मासे लढतात. तिसरा बाजूला थांबतो आणि दमलेल्या विजेत्याला मारतो. ते दोन मासे म्हणजे ब्रिटन आणि सोव्हिएत संघ, असे कथानक सांगते. इतिहासाचा साधा विद्यार्थीही येथे थबकेल. १९६३ साली झुंजणारे दोन मासे ब्रिटन आणि रशिया नव्हते. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावर जग विनाशाच्या काठाशी आले तेव्हा निर्णय वॉशिंग्टन आणि मॉस्को येथे झाले. डिसेंबरात नसाउ येथे ब्रिटनने आपल्या अण्वस्त्रांसाठी अमेरिकन पोलारिस क्षेपणास्त्रे स्वीकारली. त्याच महिन्यात डीन ॲचिसन याने ब्रिटनने साम्राज्य गमावले पण नवी भूमिका त्याला गवसली नाही, अशा आशयाचे उद्गार काढून लंडनला दुखावले. आणि जानेवारी १९६३ मध्ये दगॉलने युरोपीय बाजारपेठेचे दार ब्रिटनला बंद केले. स्पेक्टर हे नाव आल्यामुळे खऱ्या झुंजीतून वगळला गेलेला देश पुन्हा पेटीत परतला. काल्पनिक शत्रूचे कार्य रशियाला सौम्य करणे एवढेच नव्हते. ब्रिटनला महत्त्व देणे हेही होते.

'डॉक्टर नो' (१९६२) या पहिल्या बाँडपटाबाबतही असेच म्हणता येते. १९५८ च्या कादंबरीत डॉक्टर नो रशियनांशी संधान बांधून आहे; चित्रपटात पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजूंनी नाकारलेला तो स्पेक्टरचा माणूस आहे. कादंबरीत नसलेला सीआयएचा फेलिक्स लायटर चित्रपटात आला. पण अमेरिकन अग्निबाणांचे रक्षण करतो तो मात्र इंग्रज हेर. कथा घडते जमेकात. चित्रीकरण झाले तेव्हा ते बेट ब्रिटिश वसाहत होते. चित्रपट लंडनमध्ये प्रदर्शित झाला ५ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे जमेका स्वतंत्र होऊन जवळजवळ दोन महिने झाल्यावर. पडद्यावर राज्यपालाची कचेरी आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब जसेच्या तसे आहेत. प्रेक्षकाने पाहिलेले राज्य त्याने पाहिले त्या दिवशी अस्तित्वात नव्हते.

याच सुमारास त्याच देशाने या स्वप्नाचे खंडनही केले. बर्जेस आणि मॅक्लीन १९५१ साली निघून गेले होते. जॉर्ज ब्लेकला १९६१ साली शिक्षा झाली. जानेवारी १९६३ मध्ये किम फिल्बी बैरुतहून मॉस्कोला पळाला. जॉन ल कारेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' त्याच वर्षी आली, आणि १९६५ साली मार्टिन रिट याने तिच्यावर कृष्णधवल चित्रपट केला. मॅकार्थीच्या काळात दूरचित्रवाणीच्या कामातून बहिष्कृत झालेला हा दिग्दर्शक होता, ही गोष्ट येथे अप्रस्तुत नाही. लेमस या थकलेल्या हेराला वाटते की पूर्व जर्मनीचा क्रूर अधिकारी मुंट याला संपवण्यासाठी आपली योजना आहे. अखेरीस कळते की मुंट हा लंडनचाच माणूस आहे. संपवावयाचा होता तो फीडलर, मुंटवर रास्त संशय घेणारा, तत्त्वनिष्ठ ज्यू कम्युनिस्ट. पूर्वीच्या नाझीला वाचवण्यासाठी लोकशाहीच्या यंत्रणेने एका ज्यूचा बळी दिला. येथे शत्रूचे नाव बदलत नाही. ते आपलेच निघते. या चित्रपटात नामांतराची गरज उरलेली नाही, कारण ज्या भीतीवर पांघरूण घालावयाचे तीच त्याने कथावस्तू केली आहे.

६

अमेरिकेत हे वळण दहा वर्षांनी आले. जेम्स ग्रेडी याच्या १९७४ च्या 'सिक्स डेज ऑफ द काँडोर' या कादंबरीत गुप्तवार्ता यंत्रणेतील एक गट अंमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारात गुंतलेला आहे. सिडनी पोलॅक याच्या 'थ्री डेज ऑफ द काँडोर' (१९७५) या चित्रपटात सहा दिवसांचे तीन झाले आणि अंमली पदार्थांच्या जागी तेल आले. मधल्या काळात १९७३ ची तेलकोंडी झाली होती; डिसेंबर १९७४ मध्ये सीआयएच्या देशांतर्गत हेरगिरीची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फोडली होती; १९७५ मध्ये सिनेटची चर्च समिती चौकशी करीत होती. येथे नामांतर उलट्या दिशेने झाले : गुन्हेगारी ही सोयीची जागा सोडून चित्रपट धोरणाच्या जागी आला.

साहित्याच्या अभ्यासकाला या चित्रपटातील आणखी एक गोष्ट भावेल. नायकाचा व्यवसाय वाचन हा आहे. जगभरच्या कादंबऱ्या, रहस्यकथा वाचून त्यांत कुणाचे डाव वा सांकेतिक संदेश दडले आहेत काय हे तो शोधतो. एक सामान्य रहस्यकथा अरबी, डच, स्पॅनिश अशा विचित्र निवडीच्या भाषांत का भाषांतरित झाली, हा त्याला पडलेला प्रश्न त्याच्या सहकाऱ्यांच्या हत्येला कारण ठरतो. संहिता स्वतःत काय सांगते यापेक्षा ती कोणकोणत्या भाषांत गेली यावरून त्याला सत्याचा सुगावा लागतो. फ्रेडरिक जेमसन याने १९९२ साली 'द जिओपॉलिटिकल एस्थेटिक' या ग्रंथात या चित्रपटाला महत्त्वाचे स्थान दिले. कटाची कथा ही जागतिक भांडवली व्यवस्थेचे न आकळणारे समग्र रूप डोळ्यांसमोर आणण्याचा एक दुबळा प्रयत्न असतो, असे त्याचे म्हणणे. ते मान्य करूनही येथे एक भर घालावीशी वाटते : समग्र रूप आकळले नाही तरी भाषांतराची यादी तपासता येते, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

शीतयुद्ध संपल्यावर शत्रूचे नाव भूतकाळात ढकलले गेले. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' बर्लिनची भिंत पडल्यानंतर, मार्च १९९० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच प्रेक्षकाला सांगावे लागले की ही हकिगत १९८४ ची, गोर्बाचेव्ह सत्तेवर येण्यापूर्वीची आहे. 'गोल्डनआय' (१९९५) मध्ये खलनायक हा बाँडचाच पूर्वीचा सहकारी आहे आणि त्याचे वैर १९४५ साली ब्रिटिशांनी स्टालिनच्या हवाली केलेल्या कोसॅक कुटुंबांच्या स्मृतीतून आलेले आहे. आणि 'द मांचुरियन कँडिडेट' या कथेचा प्रवास तर एकाच शब्दाच्या अर्थांतराचा आहे. १९६२ च्या चित्रपटात मांचुरिया हे कोरियन युद्धातील कैद्यांच्या मनःपालटाचे स्थळ होते. २००४ च्या आवृत्तीत ते एका बलाढ्य कंपनीचे नाव झाले. नकाशावरील जागा व्यापारी नावात विरघळली.

७

या विवेचनातून हेरपटाच्या वाचनासाठी एक सावध निष्कर्ष काढता येतो. चित्रपटात जे नाव मोठ्याने उच्चारले जाते ते त्या काळाच्या भीतीचे नाव असेलच असे नाही. पुष्कळदा ते भीतीला दिलेले उत्तर असते. भीती शोधावयाची तर एका संहितेतून दुसऱ्या संहितेत जाताना काय पुसले गेले ते पाहावे. मात्र मूळ कादंबरी म्हणजे सत्य आणि चित्रपट म्हणजे विपर्यास, असे समीकरण मांडणेही चुकीचे ठरेल. १९३५ च्या हिचकॉकने नाव गाळून अधिक पाहिले. १९७५ च्या पोलॅकने नाव बदलून अधिक धाडस केले. १९५८ च्या मँकिविट्झने नाव बदलून खोटे सांगितले. नामांतराची क्रिया एकच असली तरी तिची नैतिक किंमत प्रत्येक वेळी निराळी आहे आणि ती त्या त्या वेळी स्वतंत्रपणेच ठरवावी लागते. कोणताही सिद्धांत हे काम आपल्यावतीने करून देत नाही.

प्रतिबिंबाचे रूपक आपण इतके दिवस वापरीत आलो, कारण ते निरुपद्रवी आहे. आरशाला हेतू नसतो, त्यामुळे कुणाला जबाबदार धरावे लागत नाही. परंतु सायगावच्या चौकात जी माणसे मेली त्यांना कुणी मारले, या प्रश्नाला एका कादंबरीत एक उत्तर मिळाले, एका चित्रपटात दुसरे, आणि चव्वेचाळीस वर्षांनी आणखी एका चित्रपटात पुन्हा पहिले. या तिन्ही कृतींत ती माणसे निनावीच आहेत. शत्रूच्या नावाचा इतिहास लिहिताना हे दुसरे निनावीपण समीक्षेच्या नजरेतून सुटता कामा नये.